दुपारचं शेवाळ

पैज लागली ती बोंबलावरून. अंजनाबाई पाटी रिकामी करून नेहमीसारखी चाळीच्या विहिरीवर धुवायला बसली होती, आणि काशीराम कठड्यावर पाय हलवत तिची खेचत होता. बाईचं माहेर मनोरीचं, सासर भांडुपच्या खाडीकडचं, आणि मुलुंडच्या डोंगराखालच्या या बैठ्या चाळीत ती मासे घेऊन यायला लागली तेव्हा काशीराम हाफ पँटीत होता. त्यामुळे दोघांच्यात लाजायचं काही उरलं नव्हतं. "मावशी," तो म्हणाला, "काल तुझ्या बोंबलात केस निघाला. एवढा लांब, हिरवा. बोंबील कधीपासून डाय लावायला लागले गं?" "तुजं बगून लागलं असतील," अंजनाबाई वर न बघता म्हणाली. "केस नाय रं मेल्या, शेवाळ हाय ता. तुमच्याच विहिरीतला. पाटी हितंच धुतंय ना मी?" "मग विहीरच साफ करून टाकतो. अशी चकाचक, की तू तोंड बघून टिकली लावशील." "कर, कर. एक धागा ऱ्हायला ना, तरी परत येल. माज्या आज्याच्या टायमापासून आमच्या तळ्यातून गेला नाय." "शिमग्यापर्यंत एक धागा दिसला तर..." काशीराम म्हणाला आणि पणाला काय लावावं म्हणून इकडेतिकडे बघायला लागला. तेवढ्यात समोरच्या खोलीतला लहू, जो दारात रिक्षा पुसत होता पण कान इकडेच होते, ओरडला, "टक्कल! मिशीसकट! धुळवडीला, इथंच, सगळ्या चाळीसमोर!" बायका फिस्कन हसल्या. काशीरामचा हात आपोआप डोक्याकडे गेला. पन्नाशी उलटली तरी डोक्यावर जंगल होतं, दर पंधरवड्याला काळं केलेलं, मागे वळवलेलं. "आणि नाही दिसला, तर मावशी डोक्यावर पाटी घेऊन ढोलावर नाचणार," त्याने लगेच फिरवलं. "नाचंन की! तुला काय वाटला, कंबर मोडलीय माजी?" झालं. लहूने दोघांचे हात धरून एकमेकांवर आपटले. पैज पक्की.

इथपर्यंत सगळं झकास होतं. काशीरामचा धंदाच असल्या गमतीजमतींचा. लग्नाचे मंडप, गणपतीचं लायटिंग, रबरी साप, थर्मोकोलचे डोंगर. चाळीत कोणाच्या चपलेत बेडूक निघाला तर आधी काशीरामच्या खोलीकडे बघायची पद्धत होती. म्हणून पैज लागल्या लागल्या तो विहिरीच्या आतल्या दोन पायऱ्या उतरला. मूठभर शेवाळ काढून लहूच्या डोक्यावर पसरावं, म्हणावं ही बघा डोंगरावरची हडळ, असा साधा विचार. माघातलं पाणी, निवळ, गार. वर हिरवी साय धरलेली. त्याने हात घातला, बोटं मिटली, आणि तो तिथेच वाकलेला राहिला. शेवाळ खरखरीत लागेल असं त्याला वाटलं होतं, काथ्यासारखं. हे तसं नव्हतं. हे मऊ होतं. बुळबुळीत म्हणता येईल, पण घाण बुळबुळीत नव्हे. रिठ्याच्या फेसात भिजलेले, अजून पाणी न घातलेले लांब केस मुठीत धरावेत, तसं. बोटांमधून निसटत होतं आणि निसटताना बोटांना धरतही होतं. वरून लहू विचारत होता, "काय रे, मासा लागला काय?" आणि काशीरामला कळत होतं की आता काहीतरी बोलायला पाहिजे, लोक त्याच्या तोंडाकडे बघतायत. पण मूठ सोडवेना. हा स्पर्श त्याच्या ओळखीचा होता. गेली दोन वर्षं तो आठवायचा प्रयत्न करत होता, आणि चेहरा, आवाज, शिव्या सगळं आठवायचं, फक्त हेच हाताला येत नव्हतं.

त्याच्या बायकोचे, सुगंधाचे केस गुडघ्याला टेकायचे. रविवारी ती न्हाऊन याच कठड्यापाशी केस वाळवायची, आणि काशीरामचं काम म्हणजे नंतर न्हाणीघराची मोरी काढणं. तार वाकवून आत घालायची, फिरवायची, आणि ओढली की मांजराएवढा गुंता बाहेर. "बघ, तुझी सवत निघाली," म्हणून तो गुंता तिला दाखवायचा. ती म्हणायची, "तिलाच घेऊन नांद मग." मग तो आजार आला आणि औषधाने केस गेले. मोरी तुंबायची थांबली. एका सकाळी उशी उचलून तिने त्याच्यासमोर धरली, उशीवर सगळं काळं, आणि म्हणाली, "काशी, पैज लाव." आजारपणात कोणी असं बोलतं? सुगंधा बोलायची. "हे परत येणार. आले तर तू टक्कल करायचं." त्याने हात पुढे केला. तिने तो धरला नाही. आधी अट घातली. "पण मी गेल्यावर दहाव्याला केलंस, तर ते धरायचं नाही हां. तसं सगळेच करतात. लोक हसायला पाहिजेत. मला ऐकू यायला पाहिजे." मग हात आपटला.

आणि केस आले होते. हेच तर होतं. करड्या रंगाचे, कोंबडीच्या पिल्लासारखे, बोटभर. ती आरशासमोर उभी राहून म्हणाली, "चल, खंडूला बोलाव." खंडू म्हणजे नाक्यावरचा न्हावी. काशीराम म्हणाला, "हे काय केस झाले? चाप बसला पाहिजे. चाप लावून दाखव, मग बोलू." पैजेत असली लबाडी त्याला बरोबर जमायची. ती हसून हसून खोकली. पण खरी गोष्ट अशी, की स्वतःच्या डोक्यावरच्या केसांसाठी तो लबाडी करत नव्हता. त्याच्या मनात कुठून तरी भरलं होतं की पैज मिटली की संपलं. जोपर्यंत पैज चालू आहे तोपर्यंत तिला थांबावं लागेल, कारण सुगंधा जिंकल्याशिवाय उठणारी बाई नव्हती. चाप काही बसला नाही. त्याआधीच ती गेली, आणि दहाव्याला घाटावर त्याने वस्तरा नुसता टेकवून घेतला. भटजी बोलले, सासरे बोलले. तिने सांगितलं होतं ना, ते धरायचं नाही म्हणून. आणि पैज अजून चालूच होती.

तेव्हा ही दुसरी पैज हरायची नाही, एवढं त्याने मूठ उघडता उघडता ठरवलं. हरलो तर टक्कल, तेही लोकांच्या हसण्यात, म्हणजे तिच्या अटीप्रमाणे अगदी बरोबर. म्हणजे फिटलं. आणि फिटलं म्हणजे मग ती कुठे राहिली? त्याने हात पाण्यातून काढला, पँटीला पुसला आणि वर येऊन लहूला म्हणाला, "मासा नाही रे, तुझी अक्कल सापडली, पण सडलेली." सगळे हसले. तळहात संध्याकाळपर्यंत गार राहिला.

पुढचे चार-पाच दिवस, विहीर उपसायला पंप मिळेपर्यंत, तो नुसता विहिरीवर बसून राहायचा. शेवाळाचं एक विचित्र होतं, जे इतकी वर्षं इथे राहून त्याने कधी बघितलं नव्हतं. सकाळी जावं तर पाणी मोकळं, शेवाळ खाली कुठेतरी, हिरवट सावलीसारखं. ऊन चढलं की ते वर यायला लागायचं. एकदम नाही. कोणी झोपेतून कुशीवर वळावं, मग कोपरावर उठावं, मग बसावं, तसं. भर दुपारी, चाळीतल्या बायका आडव्या झालेल्या, एलबीएस रोडचा आवाजही लांब गेलेला, आणि विहिरीत ते पूर्ण वर येऊन पसरलेलं. त्यात बुडबुडे अडकलेले, बारीक, चकाकणारे, आणि मधूनच एखादा सुटून फुटायचा. टप्. मग बराच वेळ काही नाही. मग टप्. कोकणातल्या त्याच्या आजीने भर बाराला विहिरीवर जायचं नाही म्हणून बजावलेलं होतं. त्याला वाटायचं, आजीने हेच बघितलं असणार. ऊन कललं की ते पुन्हा हळूहळू खाली जायचं. जाताना मध्यभागी थोडं आत ओढलं जायचं, तेवढ्या जागी पाण्यावर एक खळी पडायची आणि सगळं बुडेपर्यंत तशीच राहायची.

निधीने, म्हणजे त्याच्या मुलीने, त्याची भीती घालवायला बघितलं आणि जास्तच वाढवून ठेवली. ती कॉलेजात बॉटनी शिकते, बोलायला आईवर गेलीय. "पप्पा, ऊन पडलं की ते ऑक्सिजन सोडतं. बुडबुडे धाग्यांत अडकतात, म्हणून तरंगतं. ऊन गेलं, बुडबुडे गेले, बुडालं. एवढंच. भूतबित काही नाही." "मी कुठे भूत म्हटलं?" "तोंडावर दिसतंय तुमच्या." बाटलीत थोडं शेवाळ घालून ती कॉलेजला घेऊन गेली आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोबाइल धरून फोटो काढून आणले. जेवताना तिने फोन त्याच्या ताटाशेजारी ठेवला. काचेच्या नळ्या, एकीला एक जोडलेल्या, लांबच लांब. आणि प्रत्येक नळीच्या आत एक हिरवी रिबीन, गोल गोल गुंडाळत गेलेली. काशीरामने घास खाली ठेवला. "वेणीला बांधतात तशी आहे," तो म्हणाला. "हो ना? क्यूट आहे. आता हे बघा." दुसऱ्या फोटोत दोन धागे शेजारीशेजारी होते आणि मध्ये शिडीसारख्या आडव्या पट्ट्या. "जवळ आले की मध्ये असा पूल तयार होतो. मग एकातलं सगळं दुसऱ्यात जातं. हा बघा रिकामा झालाय, नुसती काच. आणि हा भरलेला, गोळे झालेत काळपट. ते गोळे तळाला जातात, गाळात पडून राहतात. विहीर आटली तरी मरत नाहीत. पाणी आलं, ऊन आलं, की पुन्हा चालू." काशीराम बराच वेळ त्या रिकाम्या नळीकडे बघत होता. तिला आकार होता, भिंती होत्या, सगळं जागच्या जागी. लांबून बघितलं तर कोणी म्हणालं नसतं की आत काही नाही. "मग हा रिकामा कोण?" त्याने विचारलं. "कोण म्हणजे? शेवाळ आहे पप्पा." "नाही, म्हणजे, याला कळतं का?" निधीने फोन उचलून घेतला. "भात निवतोय तुमचा."

पंप आला तशी त्याने विहीर उपसली. एक अख्खा रविवार. पाणी गेलं तसं शेवाळ भिंतींवर चिकटून राहिलं, खाली लोंबत, आणि काशीराम कमरेला दोर बांधून त्यात उतरला. वरून चाळ सूचना देत होती. अंजनाबाई मुद्दाम येऊन बसली होती. "धागा ऱ्हायला तिकडं, डाव्या अंगाला! डोले फुटले काय?" आत मात्र आवाज वेगळा लागत होता. वरचं बोलणं थांबल्यावर ते भिंतींतून थोडं उशिरा खाली पोचायचं, आणि तोपर्यंत कोण बोललं ते ओळखू यायचं नाही. तारेच्या ब्रशने तो घासत होता आणि ते ओले झुपके त्याच्या मानेवर, दंडावर पडत होते, शर्टाच्या आत जात होते. तळाच्या गाळात हाताला वस्तू लागल्या. रबरी चेंडू, चमचा, बिनदांड्याचा आरसा, आणि केसांचे आकडे. गंजलेले, पुष्कळ. चाळीतल्या सगळ्या बायका इथेच केस वाळवायच्या, यातला कुठला कोणाचा कसं कळणार? तरी त्याने ते निवडून खिशात टाकले. गाळ घमेल्याने वर दिला. विहिरीचा गाळ कचऱ्यात टाकायचा नाही, तुळशीला घालायचा, हे चाळीत सगळ्यांना माहीत, म्हणून बायकांनी तो कठड्याला लागून असलेल्या तुळशीच्या कट्ट्यात भरला. वृंदावन सुगंधानेच बांधून घेतलेलं. मग चुना फासला, ब्लीचिंग पावडर टाकली, आणि शेवटची दोरी ओढायला सांगण्याआधी, वर कोणी बघत नाही असं बघून, काशीरामने शर्टाच्या आत अडकलेलं चिमूटभर शेवाळ खिशातल्या प्लास्टिकच्या पिशवीत घातलं. का घातलं म्हणून कोणी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की लहूच्या डब्यात सोडायला. कोणी विचारलं नाही.

झऱ्याचं पाणी पुन्हा भरलं. तळ दिसत होता. पांढऱ्या भिंती, पांढरा तळ, वर चौकोनी आभाळ. "जिंकलास रे काश्या," लहू रोज म्हणायचा. "मावशीचा डान्स पक्का." काशीराम कॉलर ताठ करायचा. आणि दुपारी येऊन कठड्यावर बसायचा. बारा वाजायचे आणि काही उठायचं नाही. दवाखान्यातून तिला नेल्यावर नर्सने चादर बदलून ठेवली होती, ताणून, कडक, एक सुरकुती नाही. विहीर तशी दिसत होती. त्याला हेच हवं होतं ना? शिमगा होईल, मावशी नाचेल, डोक्यावरचे केस राहतील, सुगंधाबरोबरची पैज तशीच उघडी राहील. पण पैज उघडी ठेवून सुगंधा आली होती कुठे? त्या मुठीत आली होती. आणि ती मूठ त्याने तारेच्या ब्रशने घासून काढली होती.

पिशवीतली चिमूट त्याने काचेच्या बरणीत, विहिरीच्याच पाण्यात, खिडकीत ठेवली होती. ती वाढत होती. निधी म्हणाली, "हे काय, पाळलंय का?" दुपारी बरणीतलं वर यायचं, संध्याकाळी खाली जायचं. मंडपाची कामं सोडून तो दुपारी घरी यायला लागला. एकदा न्हाणीघरातलं पाणी तुंबलं. गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदा. सवयीने त्याने तार वाकवली, आत घातली, फिरवली, ओढली. तारेला गुंता आला. हिरवा. केवढातरी मोठा. तो उकिडवा बसून राहिला, तारेवरून पाणी गळत होतं. निधीने सांगितलं असतं की बरणीचं पाणी तुम्हीच तर मोरीत ओतता. ते त्यालाही माहीत होतं. तरी त्याच्या तोंडातून हळूच निघालं, "बघ, तुझी सवत निघाली." बोलून झाल्यावर तो वाट बघत राहिला. नळ ठिबकत होता. आणि त्याच्या लक्षात आलं की उत्तर त्याला पाठ आहे, शब्द न् शब्द, पण ते आता त्याच्याच आवाजात ऐकू येतंय. तेव्हा मात्र तो घाबरला. शेवाळाला नाही. रिकाम्या नळीला. ती भिंती सांभाळून, आकार धरून, उभी होती, आणि तिला वाटत होतं की काही न देता दार धरून ठेवलं की आतलं आतच राहतं.

होळी पेटली त्या संध्याकाळी त्याने ठरवलं. सकाळी लवकर जाऊन बरणी विहिरीत रिकामी करायची आणि आपणच बोंब मारायची. हरायचं. लबाडी तर लबाडी. लबाडीने लांबवलेलं लबाडीनेच मिटवायचं. धुळवडीला तो शर्टाच्या आत बरणी लपवून खाली आला, तर विहिरीवर आधीच गर्दी. अंजनाबाई जरीचं लुगडं नेसून, नाचायच्या तयारीने आली होती, पण नाचत नव्हती. कठड्यावर वाकली होती. "काशी," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात मस्करी नव्हती. "बग." पांढऱ्या भिंतीवर, पाण्यालगत, एक धागा होता. एकच. वीतभर. पाणी हलत नव्हतं आणि तो हलत होता. काशीरामने शर्टावरून बरणी चाचपली. झाकण घट्ट होतं. एवढ्यात निधी वाकून बघून म्हणाली, "अहो, तुळशीच्या कट्ट्याला खालून चीर आहे. गाळ तिथेच भरलात ना सगळ्यांनी? रोज तुळशीला पाणी घालता, ते झिरपून इथेच येतंय. बघा, बरोबर खालीच उगवलंय." सगळ्यांनी तुळशीकडे बघितलं, मग काशीरामकडे. "स्वतःच्या हाताने घातलंस की रे!" लहू किंचाळला. "सुगंधावैनीच्या तुळशीने वाट लावली तुझी! अरे खंडूला बोलवा, खंडूला!"

खंडू भांग न पिताच झिंगलेला होता. रंगाने माखलेला, हातात वस्तरा. काशीरामला कठड्यावर बसवलं, पाठ विहिरीकडे. कोणीतरी टॉवेल म्हणून मंडपाची झालर गळ्यात अडकवली, त्याच्याच गोदामातली. "काशीभाऊ, मधे हललात तर कान जाईल हां." "कान घे, मिशी ठेव." "मिशी पयली!" अंजनाबाई ओरडली. पहिला पट्टा कपाळापासून मागे गेला आणि चाळ फुटली. डोकं कसं होतं ते कोणालाच माहीत नव्हतं, त्यालाही नाही. मध्ये एक खोबण, दोन्ही बाजूंना टेंगळं. "अरे नारळ! सोललेला नारळ!" "शेंडी ठेव रे खंडू, धरायला!" पोरं ढोलावर थाप देत होती, बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या, लहू तर जमिनीवर बसला. काशीरामही हसत होता, सगळ्यात मोठ्याने, नाकातून पाणी येईपर्यंत. केस मागे पडत होते, पाण्यात. मुळाशी पांढरे, टोकाला काळे. निधी मोबाइलवर शूटिंग करत होती. मिशी उतरली तेव्हा तिने फोन खाली केला आणि बापाकडे नुसतीच बघत राहिली. तिला आईने ती पैज सांगितली होती की नाही, ते काशीरामने कधी विचारलं नव्हतं.

वस्तरा थांबला. हसणं दमलं, ढोल थांबला, माणसं डोळे पुसायला लागली. आणि मग, सगळे गप्प झाल्यावर, विहिरीतून हसणं वर आलं. उशिरा. आवाज तिथे उशिराच पोचतो, काशीरामला आतून माहीत होतं. पण खाली गेलं होतं ते शंभर जणांचं, आणि वर आलं ते एकच होतं. शेवटी थोडं खोकल्यासारखं तुटलं. अंजनाबाईने पदर तोंडाशी नेला. बाकी कोणी ऐकलं की नाही कोण जाणे, लहू तर गुलाल शोधत होता.

काशीराम वळला. उघड्या डोक्याला वारा लागत होता, ऊनही लागत होतं, दोन्ही वेगवेगळं. त्याने शर्टातून बरणी काढली, झाकण उघडलं आणि चाळीच्या देखत विहिरीत उपडी केली. "आता हे काय नवीन?" कोणीतरी म्हणालं. हिरवा झुपका त्याच्या कापलेल्या केसांत जाऊन पडला, पसरला, त्या एकट्या धाग्याकडे सरकायला लागला. ऊन कठड्यावरून पाण्यात उतरत होतं. तो वाकला, टकलाचं प्रतिबिंब हलेल इतका, आणि फक्त विहिरीला ऐकू जाईल असं विचारलं,

"धरलं ना गं?"

बराच वेळ काही नाही. मग टप्.